अभ्यासिका आणि कट्टा यांच्यामधली जागा: विद्यार्थ्यांना शिक्षणात टिकवणारे सामायिक दालन कसे आखावे

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातील मोठ्या महाविद्यालयात दुपारी साडेबाराच्या सुमारास एक फेरी मारली, तर सामायिक जागेची गरज कोणत्याही अहवालापेक्षा लवकर ध्यानात येते. सकाळची व्याख्याने संपलेली असतात, प्रॅक्टिकल तीन वाजता असते आणि गावाकडे जाणारी एस.टी. साडेपाचला सुटते. मधल्या वेळात मुले जिन्याच्या पायऱ्यांवर, दुचाकींच्या शेडमध्ये, प्रवेशद्वाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसतात. मुली लेडीज रूममध्ये दाटीवाटीने डबा खातात. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बोलायला मनाई असते, कट्ट्यावर वही उघडायची सोय नसते, आणि व्याख्यानाचा वर्ग रिकामा असला तरी त्याला कुलूप असते. दिवसातले असे तीन-चार तास, वर्षभर, वाया जातात. पहिल्या वर्षात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके हेच तास उपयोगी पडू शकले असते.

हा लेख अशा जागेच्या आखणीविषयी आहे. विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील प्राध्यापक, ग्रंथपाल, विद्यार्थी विकास अधिकारी आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांच्यावर अशी जागा उभी करण्याचे काम आले, तर त्यांनी कोठून सुरुवात करावी आणि कोणत्या गोष्टी आराखड्यावर जाण्याआधी ठरवाव्यात, हे मी सांगणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की या कामाची सुरुवात वास्तुविशारदाच्या कागदापासून करू नये. ती विद्यार्थ्याच्या वेळापत्रकापासून करावी, आणि फर्निचरच्या आधी त्या जागेत बसणारी माणसे ठरवावीत.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे इतर समाजांसाठीही वसतिगृहे उभी राहिली, तेव्हा त्यामागचे कारण हेच होते की खेड्यातून आलेल्या मुलाला फी माफ केली तरी राहायला, जेवायला आणि अभ्यासाला जागा मिळाल्याशिवाय तो शिकू शकत नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारच्या वसतिगृहात एक पाऊल पुढे टाकले; तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकाच छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. सामायिक जागेची आखणी करणाऱ्याने ही दोन्ही उदाहरणे जवळ ठेवावीत. पहिले सांगते की जागा ही मदतीचाच एक प्रकार आहे, आणि दुसरे सांगते की ती जागा कोण कोणाशेजारी बसणार हेही ठरवत असते.

जागेआधी वेळ मोजावा

पहिले काम मोजणीचे आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. सत्राच्या मध्यावर, म्हणजे परीक्षा आणि सण यांच्यापासून दूर असलेला एक आठवडा निवडावा, आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला आवारात कोण कोठे बसले आहे याची नोंद आखीव कागदावर करावी. जिने, व्हरांडे, कॅन्टीन, झाडाखालचे पार, पार्किंग, वाचनकक्ष, लेडीज रूम आणि प्रवेशद्वाराबाहेरची टपरी अशी ठिकाणे आधीच ठरवून घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी किती जण आहेत, एकटे आहेत की घोळक्यात, हातात वही-पुस्तक आहे की डबा आहे की फक्त मोबाइल, एवढेच लिहावे; नावे लिहू नयेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक हे काम उत्तम करतात. असाच दुसरा आठवडा परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात मोजावा, कारण त्या दिवसांत जागेचा वापर पूर्णपणे बदलतो.

या मोजणीला दोन कागद जोडावेत. एक, सर्व शाखांचे वेळापत्रक, ज्यातून मोकळे तास कोणत्या वर्गाला कधी येतात हे दिसते. विषयांच्या निवडी वाढल्यापासून एकाच वर्गातील मुलांचे मोकळे तासही वेगवेगळे झाले आहेत. दुसरा, बसथानकावरचे एस.टी.चे वेळापत्रक. हा दुसरा कागद कोणत्याही नियोजन समितीत मी सहसा पाहिलेला नाही, आणि तरीही विद्यार्थी आवारात किती वाजेपर्यंत थांबू शकतो हे प्राचार्यांच्या परिपत्रकापेक्षा शेवटची गाडीच ठरवते. शेवटची गाडी पावणेसहाला असेल, तर संध्याकाळी सहाला सुरू होणाऱ्या मार्गदर्शन वर्गाचा लाभ फक्त शहरातल्या आणि वसतिगृहातल्या मुलांना होतो.

त्यानंतर बोलावे, आणि जे कधीच कुठे येत नाहीत त्यांच्याशी आधी बोलावे. विद्यार्थी परिषदेतले चुणचुणीत सदस्य सभेत बोलतात. पण सकाळी दुकानात काम करून अकराला वर्गात येणारा मुलगा, घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी, लग्नानंतर शिकायला परत आलेली विद्यार्थिनी किंवा मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीतल्या रसायनशास्त्रापुढे गप्प झालेला विद्यार्थी त्या सभेला येत नाही. अशा पंधरा-वीस जणांशी, चारचौघांत नव्हे तर एकेकट्याशी, अर्धा तास बोलले तरी पुरते. त्यांना "तुम्हाला काय हवे?" असे विचारू नये, कारण उत्तर बहुधा "वायफाय" असे येते. "काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू कुठे कुठे होतास, आणि कुठे अडलास?" असे विचारावे. अडलेली ठिकाणे हीच आखणीची खरी यादी असते.

मदत कोणती आणि कोणाची

विद्यार्थी शिक्षण सोडतो तेव्हा कारण बहुधा एकच नसते. गणिताच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत गुण कमी पडतात, त्याच महिन्यात शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघते, खोलीचे भाडे थकते, आणि यातले एकही कोणाला सांगायचे कसे हे त्याला कळत नाही. या मदतीची कार्यालये आवारात असतातच, परंतु ती चार इमारतींत विखुरलेली असतात आणि त्यांच्या वेळा वेगळ्या असतात. सामायिक जागेचा मोठा फायदा हा की या मदतीतला काही भाग, आठवड्यातून काही ठरावीक तास का होईना, विद्यार्थी जिथे आधीच बसलेला आहे तिथे आणून बसवता येतो.

सर्वांत आधी विषयाचा अभ्यास. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात युरी ट्राइसमन या गणितज्ञाने कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अभ्यास करण्याची पद्धत जवळून पाहिली. ते आळशी होते किंवा त्यांना घरून प्रोत्साहन नव्हते, हा प्रचलित समज खरा ठरला नाही. ते खूप तास अभ्यास करत होते, पण एकटे. अभ्यास आणि मित्रमंडळ या त्यांच्या दोन वेगळ्या दुनिया होत्या. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी एकट्याने गणिते सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, चुकांवर वाद घालत. ट्राइसमन यांनी यावरून जे गट सुरू केले त्यांत सोपी गणिते देऊन "कच्च्यांची शिकवणी" घेतली नाही. अवघड गणिते दिली आणि ती एकत्र सोडवायला लावली. विद्यार्थ्यांच्या निकालात मोठा फरक पडला. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील आवारात १९७३ मध्ये सुरू झालेल्या पूरक अध्यापनाच्या पद्धतीचे सूत्रही जवळचेच आहे: तिथे "कच्चा विद्यार्थी" शोधला जात नाही, "अवघड विषय" शोधला जातो, आणि तो विषय चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला वरच्या वर्गातला विद्यार्थी त्या विषयाच्या गटाचे नेतृत्व करतो.

आपल्याकडे "रेमेडियल"चा फलक लावलेल्या वर्गात मुले का येत नाहीत, याचे उत्तर यात आहे. ज्या दारातून आत जाणे म्हणजे आपण कच्चे आहोत असे जाहीर करणे, त्या दारातून स्वाभिमानी मुलगा जात नाही. म्हणून सामायिक जागेत "दुर्बल विद्यार्थी कक्ष" अशा अर्थाचा कोणताही फलक नसावा. प्रथम वर्षाचे ज्या दोन-तीन विषयांत सर्वाधिक विद्यार्थ्यांना एटीकेटी लागते ते विषय परीक्षा विभागाकडून घ्यावेत, आणि त्या विषयांचे गट तिथल्या मोठ्या टेबलांवर आठवड्याच्या ठरलेल्या वेळी बसवावेत. हुशार मुलेही त्या टेबलांवर यावीत इतकी अवघड गणिते तिथे असावीत.

दुसरी मदत अर्जांची. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधार जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, खंडित शिक्षणाचे स्पष्टीकरण यांपैकी कुठेतरी विद्यार्थी अडतो आणि मग सायबर कॅफेत पैसे मोजून अर्ज भरून घेतो, किंवा भरतच नाही. एक संगणक, एक स्कॅनर, आणि अर्जाच्या महिन्यांत रोज दोन तास बसणारा माहीतगार लिपिक किंवा वरच्या वर्गातला विद्यार्थी, एवढ्यावर हे काम भागते. मला विचाराल तर संपूर्ण प्रकल्पात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त मुलांना शिक्षणात टिकवणारी गोष्ट हीच आहे.

तिसरी मदत समुपदेशनाची, आणि इथे फार जपून आखणी करावी लागते. समुपदेशकाची खोली सामायिक दालनाच्या जवळ असावी, पण तिचे दार दालनात उघडू नये. तिथे कोण शिरतो हे चाळीस जणांना दिसले तर कोणीही शिरणार नाही. दालनातून झेरॉक्सकडे किंवा स्वच्छतागृहाकडे जाणारा एखादा बोळ असेल तर त्या बोळात हे दार असावे. भिंत छतापर्यंत असावी, कारण अर्ध्या उंचीच्या लाकडी आडोशामागून आवाज बाहेर येतो. समुपदेशक नसतील त्या वेळेसाठी टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दारावर आणि स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लावावा. दुसऱ्या ठिकाणी तो कोणाच्या नजरेत न येता लिहून घेता येतो.

आणि जे इथे आणू नये तेही ठरवावे. शिस्तपालन समिती, हजेरीचा दंड भरण्याची खिडकी किंवा ओळखपत्र तपासणीचे टेबल या दालनात किंवा त्याच्या दाराशी नसावे. एकाच टेबलावर मदत आणि शिक्षा दोन्ही मिळू लागल्या, तर मुले शिक्षाच लक्षात ठेवतात.

ठिकाण निवडताना

नवीन इमारत बांधण्याची गरज फार क्वचित असते. जुनी जिमखान्याची खोली, वापरात नसलेली प्रयोगशाळा, पुस्तके डिजिटल झाल्यावर रिकामा झालेला नियतकालिक विभाग, किंवा दोन वर्गांमधली भिंत काढून मिळणारे दालन पुरेसे असते. निवडीचा निकष एकच ठेवावा: प्रवेशद्वार किंवा बसथांबा आणि वर्ग यांच्यामधल्या रोजच्या वाटेवर ती जागा यायला हवी. टेकडीवर, मागच्या बाजूला, प्रशासकीय इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर केलेले सुंदर दालन पाहुण्यांना दाखवण्यापुरते उरते. जागा तळमजल्यावर असावी. मुख्य इमारत बंद झाल्यावरही ती उघडी ठेवता यावी म्हणून तिला स्वतंत्र दार असावे, आणि त्या दारापासून बसथांब्यापर्यंतचा आणि मुलींच्या वसतिगृहापर्यंतचा रस्ता दिव्यांनी उजळलेला असावा. आखणी समितीतील स्त्री सदस्यांनी आणि विद्यार्थिनींनी हा रस्ता हिवाळ्यात संध्याकाळी सात वाजता स्वतः चालून पाहावा. आराखड्यावर हे कळत नाही.

स्वच्छतागृह पन्नास पावलांच्या आत नसेल तर ती जागा सोडून दुसरी शोधावी, असे मी आग्रहाने सांगेन. स्वच्छतागृह लांब किंवा अस्वच्छ असल्यामुळे मुली दिवसभर पाणी कमी पितात आणि शेवटचा तास संपताच घरी जातात, हे आपल्या आवारांतले वास्तव आहे.

आतली मांडणी

समजा ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद, म्हणजे २,४०० चौरस फुटांचे दालन मिळाले. वाचनकक्षात टेबल, खुर्ची आणि जाण्यायेण्याची वाट धरून माणशी साधारण २५ चौरस फूट जागा लागते असा हिशेब धरला जातो. सगळे दालन शांत वाचनाला दिले तर ९६ जण बसतील. पण मग ती आणखी एक अभ्यासिका होईल, आणि आपल्याला अभ्यासिका नको आहे. मी त्यातले ८०० चौरस फूट शांत अभ्यासाला देईन, म्हणजे ३२ जागा होतील. गटाने बसण्यासाठी १,००० चौरस फूट ठेवावेत. गटाला खुर्च्या मागेपुढे सरकवायला, फळ्यासमोर उभे राहायला जास्त जागा लागते, म्हणून माणशी ३० चौरस फूट धरून तिथे साधारण ३३ जण बसतील. मदतीच्या टेबलांना २०० चौरस फूट, डबा खाण्याच्या कोपऱ्याला ३०० आणि दाराजवळ पिशव्या, छत्र्या, लॉकर यांना १०० चौरस फूट. मोजणीत दुपारच्या गर्दीच्या तासाला आवारात इकडे-तिकडे बसलेले १६० विद्यार्थी आढळले असतील, तर सुरुवातीला त्यांच्या निम्म्यांसाठी जागा आखणे पुरेसे आहे. सगळे पहिल्या वर्षी येणार नाहीत.

आवाजाचा उतार दारापासून आतपर्यंत असा ठेवावा: दाराशी डबा आणि गप्पा, मध्ये गटांची टेबले, आणि सर्वांत आत शांत भाग. हा क्रम उलटा झाला, म्हणजे शांत भागातून ओलांडून डब्याच्या कोपऱ्याकडे जावे लागले, तर महिन्याभरात शांत भागाचे वाचक आणि गप्पा मारणारे यांच्यात भांडणे होतात आणि शेवटी "बोलू नये" असा फलक सगळ्या दालनाला लागतो.

डबा खाण्याच्या कोपऱ्याविषयी समितीत नेहमी विरोध होतो: खरकटे पडेल, मुंग्या येतील, वास येईल. हे सगळे खरे आहे आणि तरीही तो कोपरा हवाच. गावाहून सकाळी सहाला निघालेली मुलगी डबा घेऊन येते; कॅन्टीनमध्ये काही विकत घेतल्याशिवाय बसू देत नाहीत. जिथे डबा खाता येतो तिथेच ती नंतर पुस्तक उघडते. हात धुण्यासाठी दोन नळांचे बेसिन, पिण्याचे गाळलेले पाणी, ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन झाकणाचे डबे, पुसता येणारी फरशी आणि दुपारी दोन वाजता होणारी एक जादा सफाई, एवढे दिले की हरकती मिटतात. या कोपऱ्यात शाकाहारी-मांसाहारी अशा पाट्या लावण्याची सूचना कोणी आणली तर ती तिथेच थांबवावी. सातारच्या त्या पंगतीची आठवण इथे कामाला येते.

फर्निचर विकत घेताना मोठी, जड, खुर्च्या जोडलेली टेबले टाळावीत. दोघांना पुरेल अशी हलकी टेबले घ्यावीत, जी जोडून सहाजणांचा गट करता येतो. एका भिंतीला लांबलचक फळा असावा, खडूचा असला तरी चालेल. एका कोपऱ्यात सतरंजी आणि लिहिण्याची बुटकी डेस्के ठेवावीत. मांडी घालून अभ्यास करण्याची सवय असलेली मुले तो कोपरा सर्वांत आधी धरतात. दर दोन जागांमागे विजेचा एक सॉकेट हवा. साठ जणांनी एकाच वेळी लॅपटॉप लावले तर प्रत्येकी ६५ वॉटप्रमाणे सुमारे चार किलोवॉटचा भार येतो. जुन्या इमारतीच्या वायरिंगवर तो टाकू नये, स्वतंत्र सर्किट ओढून त्याला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. जमिनीवरून फिरणाऱ्या एक्स्टेन्शनच्या वायरी हा पावसाळ्यात जिवाचा प्रश्न आहे.

उजेड, उकाडा आणि आवाज

टेबलाच्या पृष्ठभागावर ३०० ते ५०० लक्स उजेड वाचनाला योग्य ठरतो, आणि तो मोजण्यासाठी मोबाइलवरचे साधे ॲपही अंदाज देते. उत्तरेच्या खिडक्यांचा उजेड दिवसभर सारखा राहतो. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जा किंवा झडप नसेल तर दुपारनंतर तिकडची टेबले रिकामी राहतील. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेचा उन्हाळा, जो बहुधा परीक्षेचाच काळ असतो, हा आखणीचा मुख्य प्रश्न आहे: गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग, उंचावर गरम हवा बाहेर टाकणारे पंखे आणि खिडकीबाहेर बसवलेले कूलर यांवर खर्च करावा, आणि कूलरचा आवाज शांत भागाकडे जाणार नाही असे पाहावे. कोकणात आणि गोव्यात प्रश्न ओलीचा असतो. प्लायवूडची टेबले तिथे दोन पावसाळ्यांत फुगतात, म्हणून लोखंडी सांगाडा आणि घट्ट फळी असलेली टेबले घ्यावीत, आणि ओल्या छत्र्या-रेनकोट टांगायला दाराबाहेर पाणी निथळणारी जागा ठेवावी.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शैक्षणिक संस्थेभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा असते. पण दालनातला गोंगाट बहुतेक वेळा आतूनच येतो. शहाबादी किंवा ग्रॅनाइटची फरशी, सिमेंटच्या कोऱ्या भिंती आणि उंच छत यांमुळे प्रत्येक खुर्ची ओढल्याचा आवाज घुमतो. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट, एका भिंतीला नारळाच्या काथ्याचे किंवा जाड कापडाचे तक्ते आणि पुस्तकांची उघडी कपाटे मधोमध आडोशासारखी लावली की फरक लगेच ऐकू येतो.

सर्वांना आत येता यावे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुगम्यता ही संस्थांची कायदेशीर जबाबदारी ठरवली आहे, तरी ती नकाशात पहिल्या दिवशी आली नाही तर नंतर तोडफोड करून आणावी लागते. उताराचे प्रमाण १२ ला १ हवे. म्हणजे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार किमान ५.४ मीटर लांब होतो, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा लागते. पुष्कळ ठिकाणी तीन पायऱ्यांवर दीड मीटरचा कडा उतार म्हणून बांधलेला दिसतो. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने वर नेता येत नाही. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, आत खुर्ची वळवायला १,५०० मिलिमीटरचे वर्तुळ, आणि काही टेबलांखाली गुडघे जातील एवढी मोकळी उंची ठेवावी. एका संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवावा आणि त्यावर मराठी वाचन चालते का हे दृष्टिहीन विद्यार्थ्याकडूनच तपासून घ्यावे.

पैसा, मंजुरी आणि किल्ली

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ खाली महाविद्यालयात हा विषय महाविद्यालय विकास समितीपुढे, आणि विद्यापीठात इमारत व बांधकामाची समिती आणि व्यवस्थापन परिषदेपुढे जातो. प्रस्तावात भांडवली खर्चाइतकीच चालू खर्चाची बाजू मांडावी. दालन सजवायला माजी विद्यार्थी, कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी किंवा केंद्राच्या योजना पैसे देतात. रोजची सफाई, वीज, इंटरनेट आणि तिथे बसणाऱ्या मुलांचे मानधन कोणी देणगीदार सहसा देत नाही. हा वार्षिक खर्च संस्थेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली पहिल्याच वर्षी घालून घ्यावा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी घाईने थाटलेले आणि ती गेल्यावर कुलूप लागलेले एक दालन मी जवळून पाहिले आहे. तिथे खुर्च्या उत्तम होत्या, पण किल्ली कोणाकडे राहणार हे कोणीच ठरवले नव्हते.

म्हणून किल्लीचा प्रश्न लेखी सोडवावा. ग्रंथालय, विद्यार्थी विकास मंडळ, समुपदेशन, शिष्यवृत्ती विभाग आणि संबंधित विषयांचे विभाग यांच्यात एका पानाचा करार असावा: दार कोण उघडणार आणि कोण बंद करणार, सफाई कोणाच्या कामगारांकडून, तुटलेली खुर्ची किती दिवसांत दुरुस्त होणार, कोणत्या टेबलावर कोण कोणत्या वारी किती तास बसणार, आणि एखाद्या विभागाचा माणूस आला नाही तर कोणाला कळवायचे. जबाबदारी समितीवर टाकू नये. एका व्यक्तीचे पदनाम लिहावे. माझ्या मते ग्रंथपाल हा यासाठी सर्वांत योग्य, कारण लांब वेळ दार उघडे ठेवण्याची शिस्त त्या खात्यात मुळातच असते.

दालनातले रोजचे काम कमवा व शिका योजनेतल्या विद्यार्थ्यांना द्यावे. या योजनेतल्या मुलांना अनेकदा बागेत पाणी घालणे किंवा गठ्ठे उचलणे एवढेच काम मिळते. त्यातही कमीपणा नाही, परंतु अर्ज भरायला मदत करणे, गटाची वेळ लावणे, नव्या मुलाला टेबल दाखवणे यातून तो विद्यार्थी स्वतःही शिकतो, आणि आपल्यासारखाच गावाकडचा दादा किंवा ताई टेबलामागे बसलेली पाहून नवा विद्यार्थी विचारायला धजतो. त्यांना सत्राच्या सुरुवातीला दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, ज्यात कोणता प्रश्न आपण सोडवायचा आणि कोणता ताबडतोब समुपदेशकाकडे किंवा लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीकडे न्यायचा हे स्पष्ट सांगावे.

एका कठीण प्रश्नाला इथेच तोंड द्यावे लागते. पुण्यासारख्या शहरांत आणि आता जिल्ह्याच्या गावांतही, दार उघडे आणि पंखा चालू दिसला की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी सकाळी सातला येऊन पुस्तक ठेवून जागा धरतात आणि रात्रीपर्यंत उठत नाहीत. त्यांची गरज खरी आहे, त्यांतले बरेच जण याच संस्थेचे माजी विद्यार्थी असतात, आणि त्यांना हुसकावणे मला अन्यायाचे वाटते. पण दोन महिन्यांत दालन त्यांचे झाले, तर प्रथम वर्षाचा बुजरा मुलगा दारातूनच परत जातो. उपाय असा की त्यांच्यासाठी वेगळी अभ्यासिका, भले एखाद्या वर्गात संध्याकाळनंतर का होईना, उघडावी. आणि या दालनात पुस्तक ठेवून जागा धरण्याला पहिल्या दिवसापासून मनाई असावी. अर्धा तास रिकामी राहिलेली जागा मोकळी समजावी, आणि हा नियम अंमलात आणणारा विद्यार्थी-सहायक एकटा पडणार नाही याची काळजी जबाबदार व्यक्तीने घ्यावी.

आधी एक सत्र चालवून पाहावे

बांधकामाची निविदा काढण्याआधी एक वर्ग, जुनी टेबले, एक फळा आणि एक पाण्याचा माठ घेऊन हे सगळे एका सत्रापुरते चालवावे. जून-जुलैत नवी मुले येतात तेव्हा सुरुवात केली तर त्यांची सवयच या जागेभोवती घडते. दर पंधरा दिवसांनी टेबले हलवून पाहावीत, गटाच्या वेळा पुढेमागे कराव्यात, आणि कोणता कोपरा रिकामा राहतो याची नोंद ठेवावी. सत्राअखेरीस वास्तुविशारदाला बोलवावे आणि त्याला ही नोंद द्यावी; त्याचे काम सोपे होते आणि खर्चही घटतो.

यश मोजताना रोज किती जण आले ही संख्या कामापुरतीच धरावी, कारण पावसाच्या दिवशी छपराखाली गर्दी होतेच. प्रथम वर्षातून द्वितीय वर्षात किती जण गेले, निवडलेल्या अवघड विषयांत एटीकेटीचे प्रमाण कसे बदलले, पात्र विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत पूर्ण झाले, हे आकडे दालन सुरू होण्याआधीच्या दोन वर्षांचेही काढून ठेवावेत. गटात येणाऱ्या मुलांचे निकाल चांगले दिसले तर लगेच श्रेय घेऊ नये. नेटाने येणारी मुले कदाचित आधीपासूनच अभ्यासू असतील, म्हणून त्यांची तुलना बारावीत तेवढेच गुण असलेल्या, पण न आलेल्या मुलांशी करावी. नोंदी ठेवताना डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे भान असावे: विषयाच्या गटाची हजेरी नोंदवावी, पण समुपदेशकाकडे कोण गेले याची नोंद दालनाच्या वहीत किंवा संगणकात कधीही असू नये. आणि वर्षातून एकदा, पहिल्या आठवड्यात वापरलेला तोच आखीव कागद घेऊन, जिने, शेड आणि टपरी यांची मोजणी पुन्हा करावी. साडेबारा वाजता तिथे अजून कोण बसले आहे, हे पाहून पुढच्या वर्षीच्या वेळा ठरवाव्यात.